पंचविसावा

नोव्हेंबरात इथे दुपारी तीनलाच अंधार पडतो.
जुन्या दुग्धशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही सहाजण जगभरची प्रेतं मोजतो.
मोजतो म्हणजे बातम्या वाचतो, तीन भाषांतल्या :
तारीख, गाव, कोणी, कोणाला, किती.
आणि 'किती'पुढे तीन रकाने,
किमान, कमाल, बहुधा.

नियम साधा आहे.
वर्षात पंचवीस मेले तर संघर्ष.
चोवीस मेले तर काहीच नाही.
गुन्नेल म्हणते, रेघ कुठेतरी मारावीच लागते.
ती तीस वर्षं मारते आहे. तिचा हात थरथरत नाही,
कॉफी ओततानासुद्धा.

त्या वर्षी कासामांस माझ्या वाट्याला होतं.
खारफुटी, भातखाचरं, काजूच्या बागा,
आणि बागांच्या वाटेवर कोणी कधी पुरले
हे आता कोणालाच न आठवणारे सुरुंग.
मी तिथे गेलेली नाही. पण मला ठाऊक आहे
कुठल्या पुलावर कुठल्या मंगळवारी मिनीबस अडवली.
गावांची नावं मनातल्या मनात म्हणून बघते.
चुकत असतील.

डिसेंबर संपता संपता आकडा पंचवीस झाला.
नकाशावरचा एक राखाडी ठिपका तांबडा.
"आलं बाई तुझं कासामांस यादीत," योरन म्हणाला,
जसं शेजाऱ्याचं पोर काठावर पास व्हावं.

मार्चमध्ये पत्र आलं. कागदाचं, तिकीट लावलेलं,
पाकिटाच्या घडीत लाल माती.

"बाई,
मी सिबिलुम्बाय जेजू, प्राथमिक शिक्षक.
तुमच्या यादीत बारा ऑक्टोबरपुढे लिहिलंय :
शिक्षक, एक.
आमच्या गावात शिक्षक एकच आहे.
पुतण्याने दाकारला ते वाचलं आणि रडत फोन केला.
फोन मीच उचलला.
डावा पाय गेला, गुडघ्याखालून. बाकी मी आहे.
तक्रार नाही. एक शंका आहे :
मी वजा झालो तर तुमच्याकडे चोवीस उरतात ना?
मुलांना वजाबाकी शिकवतो, म्हणून लगेच दिसलं.
चोविसांना तुम्ही काय म्हणता तेही पुतण्याने सांगितलं.
तेव्हा, अडचण होणार असेल
तर मला राहू द्या मेलेला.
इथे त्याने काही अडत नाही.
पगार तसाही चार महिने आलेला नाही.

ता. क. बाकीचे नीट मोजलेत ना?
त्यांतले चौघे माझ्या वर्गात होते.
जुन्या हजेरीपटाची नक्कल सोबत जोडली आहे."

गुन्नेलने पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसला.
"जिवंत माणूस धरता येत नाही," म्हणाली.
खरंच आहे.
आणि पायाचं काय, मी विचारलं.
पायाला रकाना नाही.

दुरुस्तीला अकरा सेकंद लागले.

जूनमध्ये ओस्लोहून आलेल्या एका विद्वानाने
पडद्यावर आलेख दाखवला :
संघर्षग्रस्त देश गेल्या वर्षीपेक्षा एकाने कमी.
उतरताना रेघ फार देखणी दिसत होती.
एका पायावर उतरली होती ती,
ते तेवढं आलेखात दिसत नव्हतं.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तेव्हापासून उत्तर लिहिते आहे.
'आदरणीय गुरुजी' इथपर्यंत येते.
पुढे काय लिहू?
तुम्ही जिवंत आहात हे आम्हाला मान्य आहे?
आणि म्हणून तुमच्याकडे आता युद्ध नाही?

आज पाकीट पुन्हा उघडलं तर टेबलावर
चिमूटभर माती सांडली.
फडकं हातात घेतलं, परत ठेवलं.
सगळे घरी गेले आहेत.
खाली कोणीतरी सायकलचं गोठलेलं कुलूप खटखटवतंय,
आणि मी हजेरीपट घेऊन बसले आहे,
एकेक नाव मोठ्याने वाचत.
उच्चार चुकत असतील.